सुटा भाग आणि त्याचा कागद

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)





दरवर्षी या व्यासपीठावरून कोणीतरी शिक्षणाच्या महत्त्वावर बोलतो. आपण शांतपणे ऐकून घेता, टाळ्या वाजवता, आणि दुसऱ्या दिवशी आठवीतली दोन-तीन मुले शाळेऐवजी गॅरेजमध्ये दिसतात. म्हणून यंदा मी ठरवले की शिक्षणाच्या महत्त्वावर बोलायचे नाही. विमानांच्या सुट्या भागांवर बोलायचे. तेही साध्या विमानांच्या नव्हे, तर समुद्रातल्या जहाजाच्या पाठीवरून उडणाऱ्या आणि पुन्हा त्याच पाठीवर उतरणाऱ्या लढाऊ विमानांच्या सुट्या भागांवर.

विषय ऐकून अध्यक्षमहाशयांनी मला विचारले, "मास्तर, चंद्रपुरात समुद्र कुठे आहे?" प्रश्न रास्त आहे. आमच्याकडे कोळसा आहे, सागवान आहे, बांबू आहे, वाघ आहे. समुद्र तेवढा नाही. शिवाय मी पडलो बी. ए. बी. एड. माणूस, शाळेत इतिहास आणि मराठी शिकवणारा. तेव्हा हा विषय माझ्याकडे कसा आला, हे आधी सांगितले पाहिजे.

दोन वर्षांपूर्वी आपल्या शाळेची सहल गोव्याला गेली होती. वास्कोजवळ, दाबोळी विमानतळाला लागून, बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाच्या विमानांचे संग्रहालय आहे. १९९८ साली ते सुरू झाले. तेथे सी हॉक, अलिझे, सी हॅरियर अशी आपल्या नौदलाने वापरलेली विमाने उघड्या अंगणात उभी आहेत. मुले फोटो काढण्यात दंग होती. नववीतला एक मुलगा मात्र वाकून विमानाच्या पोटाखाली पाहत होता. त्याच्या मामांचे गॅरेज आहे, सुटीत तो तिथेच असतो. त्याने चाकाची दांडी हाताने चाचपली आणि तिथल्या माहिती सांगणाऱ्या गृहस्थांना विचारले, "काका, या मॉडेलचा पार्ट बंद झाला तर मिळतो कुठे?"

बाकीची मुले हसली. ते गृहस्थ मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "बाळ, विमान सांभाळणाऱ्यांची निम्मी नोकरी याच प्रश्नात जाते."

परतीच्या प्रवासात तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही, कारण तो मी लहानपणी माझ्या घरीही ऐकला होता. माझे अब्बा ट्रकवर ड्रायव्हर होते. एटापल्ली-भामरागडच्या जंगलातून ते बांबू भरून आणत. एका वर्षी पावसाळ्याच्या तोंडी, आलापल्लीच्या बऱ्याच पुढे, मागच्या चाकाचा एक्सल तुटला. ट्रक चांगला, इंजिन चांगले, माल भरलेला, आणि घोडे पेंड खात होते एका लोखंडी दांड्यापाशी. त्या काळी फोन नव्हता. क्लीनर चालत आणि मिळेल त्या वाहनाने आलापल्लीला गेला, हात हलवत परत आला. तेवढ्यात पाऊस सुरू झाला. शेवटी पाच-सहा मैलांवर त्याच जातीचा दुसरा एक ट्रक इंजिन जळून उभा होता, त्याच्या मालकाच्या संमतीने त्याचा एक्सल काढून अब्बांच्या ट्रकला बसवला. अब्बा दहाव्या दिवशी घरी आले. पण तो दुसरा ट्रक तिथेच राहिला. त्या पावसाळ्यात कोणी त्याचा डायनामो नेला, कोणी कमानीचे पाटे नेले, कोणी स्टिअरिंग नेले. पाऊस संपल्यावर तिथे ट्रक नव्हता, नुसता सांगाडा होता.

मित्रहो, जगातल्या मोठमोठ्या नौदलांची आणि हवाई दलांची गोष्ट थोडीफार अशीच आहे. एक विमान उडावे म्हणून दुसऱ्याचा भाग काढायचा, या प्रकाराला इंग्रजीत चक्क नरभक्षणाचा शब्द वापरतात. शब्द कडू आहे, पण खरा आहे.

आता जहाजावरच्या विमानालाच सुट्या भागांची एवढी भूक का, ते पाहू. जमिनीवरची धावपट्टी दोन-तीन किलोमीटर लांब असते. विमान सावकाश टेकते, पळते, थांबते. आपली आयएनएस विक्रमादित्य ही विमानवाहू नौका २८४ मीटर लांब आहे आणि २०२२ साली कोचीत बांधून पूर्ण झालेली नवी विक्रांत २६२ मीटर. त्यातलाही थोडाच भाग उतरण्यासाठी मिळतो. विमान ताशी सुमारे २४० किलोमीटर वेगाने येते, त्याच्या शेपटीखालचा आकडा जहाजावर आडव्या ताणलेल्या पोलादी दोरात अडकतो, आणि साधारण अडीच सेकंदांत विमान जागच्या जागी उभे राहते. ते टेकत नाही, आदळते. तो हिसका चाकाच्या दांडीला, आकड्याला, सांगाड्याच्या प्रत्येक जोडाला, इंजिनाच्या टेकूला आणि आतल्या विजेच्या नाजूक उपकरणांनाही बसतो. आपल्या बैलगाडीचे चाक दररोज घाटातून आदळत नेले तर आरे किती दिवस टिकतील, याचा विचार करा.

दुसरा शत्रू खारी हवा. कोकणातल्या घरांच्या खिडक्यांचे गज कसे गंजतात ते सहलीत आपल्या मुलांनी पाहिले. विमानाची तीच गत होते. सी हॅरियरचे उदाहरण घ्या. हॅरियर हे मूळ जमिनीवरचे विमान. त्याला जहाजावर आणताना इंजिनातले मॅग्नेशियमचे भाग बदलून ॲल्युमिनियमचे करावे लागले, कारण मॅग्नेशियम हलके खरे, पण खाऱ्या हवेत लवकर खाल्ले जाते. (विज्ञानाच्या पेपरात मॅग्नेशियम आणि मँगनीज यांची अदलाबदल करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. आपल्या चंद्रपूरच्या कारखान्यात पोलादासाठी लागते ते मँगनीज.)

तिसरी गोष्ट वेळ. भाग वापरला तरच झिजतो असे नाही. रबराची सील नुसती फडताळात ठेवली तरी म्हातारी होते. वैमानिकाला संकटात बाहेर फेकणाऱ्या आसनाखाली दारूची काडतुसे असतात, त्यांनाही मुदत असते. औषधाच्या बाटलीवर असते तशीच. मुदत संपली की विमान चकचकीत दिसत असूनही ते उडवता येत नाही.

आता आपल्या देशाची हकीकत. आपली पहिली विक्रांत १९६१ साली ब्रिटनहून मुंबईला आली. तिच्यावर सी हॉक ही लढाऊ विमाने होती. गंमत अशी की आपण ती घेतली तेव्हा ब्रिटिश नौदलाच्या पहिल्या फळीतून सी हॉक निवृत्त होत होते. ज्याने बनवले त्यालाच ते नको झाले म्हणजे त्याचे भाग करणारे हात हळूहळू दुसऱ्या कामाला लागतात. पुढे पश्चिम जर्मनीच्या नौदलाने वापरून काढलेली २८ जुनी सी हॉक आपण विकत घेतली. नवे मिळत नसले की जुन्या बाजाराकडे वळावे लागते, हे आपल्या गॅरेजवाल्यांना मी काय सांगावे?

तरीही त्या विमानांनी आणि त्यांना सांभाळणाऱ्या माणसांनी नाव राखले. डिसेंबर १९७१ च्या युद्धात विक्रांतवरच्या सी हॉक विमानांनी कॉक्स बझार आणि चितगावच्या तळांवर हल्ले केले. त्या वेळी स्वतः विक्रांतच्या चार बॉयलरांपैकी एक तडा गेल्यामुळे बंद होता. उरलेल्या तिघांवर, कमी वेगाने, ती युद्धात उतरली. जहाजाचा वेग कमी म्हणजे डेकवरून वाहणारा समोरचा वारा कमी, आणि वारा कमी म्हणजे विमानाला उचलून धरणारा आधार कमी. एका तडकलेल्या बॉयलरचा हिशेब थेट वैमानिकाच्या जिवापर्यंत कसा पोहोचतो, ते पाहा.

डिसेंबर १९८३ मध्ये पहिली सी हॅरियर दाबोळीला उतरली. जागच्या जागी उभे उतरणारे हे विमान आपल्याकडे ३२ वर्षांहून अधिक काळ राहिले. ब्रिटनने आपली सी हॅरियर २००६ साली निवृत्त केली. त्यानंतर जगात सी हॅरियर उडवणारे नौदल एकटे आपले उरले. ब्रिटनची निवृत्त विमाने घेण्याचा विचार त्या वर्षी झाला होता, पण त्यांतले रडार आणि महत्त्वाची उपकरणे काढून मिळणार होती, म्हणून तो बेत सोडून दिला. अपघातांनी संख्या घटत गेली, भाग मिळेनासे झाले, आणि मे २०१६ मध्ये गोव्यात सी हॅरियरला निरोप दिला गेला. त्याच्याच जागी रशियाची मिग-२९ के ही विमाने आली होती.

ती तर नवी होती. मग प्रश्न सुटला का? २०१६ सालीच भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल संसदेपुढे आला. त्यात म्हटले होते की एक आसनी मिग-२९ के विमानांपैकी प्रत्यक्ष उड्डाणास सज्ज असण्याचे प्रमाण साधारण १६ ते ३८ टक्क्यांच्या दरम्यान राहिले. आलेल्या ६५ इंजिनांपैकी ४० रचनेतल्या दोषांमुळे सेवेतून काढावी लागली. शंभर मुलांच्या वर्गात रोज सोळा ते अडतीसच हजर असतील तर त्या वर्गाला आपण वर्ग म्हणू का? हजेरीपटावर मात्र नावे पूर्ण शंभर असतात.

परदेशांची दोन उदाहरणे देतो. १९८२ साली अर्जेंटिना आणि ब्रिटन यांच्यात फॉकलंड बेटांवरून युद्ध झाले. अर्जेंटिनाच्या नौदलाने फ्रान्सकडून जहाजावरची सुपर एतांदार विमाने मागवली होती. युद्धापूर्वी पाच पोहोचली, आणि युद्ध सुरू होताच फ्रान्सने पुढची मदत थांबवली. अर्जेंटिनाच्या तंत्रज्ञांनी काय करावे? पाचांपैकी चार उडवली आणि पाचवे सुट्या भागांसाठी उभे ठेवले. त्या चार विमानांच्या ताफ्यानेच ४ मे रोजी ब्रिटनच्या शेफिल्ड या युद्धनौकेवर क्षेपणास्त्र सोडले. ती जळाली आणि पुढे बुडाली. म्हणजे पाच विमाने विकत घेतली होती, पण भागांचे दार बंद होताच ती चारच राहिली. आमच्या जंगलातला तो ट्रक मला इथे पुन्हा दिसतो.

दुसरे उदाहरण इराणचे. एफ-१४ टॉमकॅट हे अमेरिकेने आपल्या विमानवाहू नौकांसाठी बनवलेले विमान. इराणच्या शहांनी त्यांतली ८० मागवली, ७९ पोहोचली. १९७९ मध्ये क्रांती झाली, दोन्ही देशांत वैर आले, आणि सुट्या भागांचा ओघ बंद झाला. १९८० ते १९८८ इराक-इराण युद्ध चालले. त्या काळात आणि नंतरही इराणी कारागिरांनी एका विमानाचे भाग दुसऱ्याला लावून, काही भाग आडवाटेने मिळवून आणि बरेच स्वतः घडवून ती विमाने कित्येक दशके उडती ठेवली. इकडे अमेरिकेने आपली एफ-१४ सप्टेंबर २००६ मध्ये निवृत्त केली. पण जुन्या मालाच्या लिलावातून त्यांचा एखादा बोल्टही इराणला पोहोचू नये म्हणून निवृत्त विमाने यंत्रात घालून त्यांचा चुरा करण्यात आला, आणि २००८ साली या भागांच्या विक्रीवर बंदी घालणारा कायदाही झाला. भंगाराचा धंदा करणारे आपले बांधव इथे बसले आहेत. विकता येईल असा माल मालकाने मुद्दाम फाडून टाकावा, हे त्यांना पटणार नाही. पण एका बोल्टमध्ये किती सत्ता असते हे त्या मालकाला ठाऊक होते.

यावरून आपल्याकडचे जुने बोलणे आठवते: दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिऊ नये. यंत्र विकत घेता येते. पण त्याचा भाग आपल्याला घडवता येत नसेल तर ते यंत्र आपल्या अंगणात उभे असूनही त्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशात राहते.

आपला देश हे शिकत आहे. ११ जानेवारी २०२० रोजी कमोडोर जयदीप मावळंकर यांनी तेजस विमानाची नौदलाची आवृत्ती विक्रमादित्यवर उतरवली. देशात घडवलेले लढाऊ विमान आपल्या विमानवाहू जहाजावर उतरण्याची ती पहिली वेळ. मात्र त्याचे इंजिन अमेरिकेचे आहे, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. नव्या विक्रांतचे पोलाद हैदराबादच्या संरक्षण धातुसंशोधन प्रयोगशाळेने स्टील अथॉरिटीबरोबर विकसित केले. एप्रिल २०२५ मध्ये फ्रान्सशी २६ राफेल मरीन विमानांचा करार झाला, तेव्हा त्यात विमानाचा सांगाडा देशात बनवण्याची आणि इंजिन, संवेदक व शस्त्रे यांच्या देखभाल-दुरुस्तीची सोय भारतात उभी करण्याची तरतूद घातली गेली. ओझरला, नाशिकजवळ, १९६४ पासून विमानांचा कारखाना आहे. आपल्या नागपूरला मिहानमध्ये २०१७ साली पायाभरणी झालेल्या कारखान्यात फ्रेंच विमानांचे भाग तयार होतात. चंद्रपूरहून नागपूर बसने किती लांब आहे हे आपल्याला सांगायला नको.

इथे काही पालक मनात म्हणत असतील, "मास्तर, आमच्या पोराला कोणताही भाग दाखवा, दोन दिवसांत लेथवर तसाच काढून देईल." मला ते मान्य आहे. आपल्या गॅरेजमधल्या उस्तादांच्या हाताबद्दल मला आदर आहे, त्या हातांनी माझ्या अब्बांचा ट्रक चालू ठेवला. पण विमानाचा भाग आणि ट्रकचा भाग यांत एक फरक आहे. तो आकारात नाही.

विमानाच्या प्रत्येक महत्त्वाच्या भागाला क्रमांक असतो आणि त्याच्याबरोबर एक कागद चालतो. धातू कोणत्या भट्टीचा, त्यात काय मिसळले, किती अंशांवर तापवला, किती वेळ ठेवला, कशात थंड केला, कोणी मापला, कोणत्या उपकरणाने मापला, ते उपकरण शेवटी केव्हा तपासले, कोणत्या विमानाला किती तास लागला, कधी काढला, का काढला, हे सारे त्या कागदावर असते. कागद हरवला तर चांगला भागही भंगार ठरतो. हा सरकारी खाक्या नव्हे. बोल्टच्या आत केसाएवढी चीर असेल तर ती डोळ्यांना दिसत नाही. ती असण्याचा संभव किती, हे त्याचा इतिहासच सांगतो. आणि हा इतिहास वाचणारा माणूस समुद्रात, त्या भट्टीपासून हजारो मैलांवर असतो. तिथे त्याला उस्तादाचा चेहरा दिसत नाही. त्याला दिसतो तो फक्त कागद.

सप्टेंबर २०२२ ची एक घटना ऐका. अमेरिकेचे एफ-३५ हे विमान, ज्याचा एक प्रकार विमानवाहू नौकांवर चालतो, त्याच्या इंजिनाजवळच्या एका पंपात छोटा लोहचुंबक असतो. त्यातला मिश्रधातू चीनमध्ये तयार झाल्याचे उघड झाले. अमेरिकी कायद्याने ते चालत नाही. लोहचुंबक नीट काम करत होता, उड्डाणाला धोका नव्हता. तरीही नवी विमाने ताब्यात घेणे थांबले, आणि पुढच्या महिन्यात खास परवानगी निघाल्यावरच ते पुन्हा सुरू झाले. भागात खोट नव्हती, खोट त्याच्या कुळकथेत होती.

आता मी ज्यासाठी उभा राहिलो ते सांगतो. आपल्याच शाळेतला एक मुलगा काही वर्षांपूर्वी आठवीनंतर गेला. त्याचे नाव मी घेणार नाही. हात असा की मोटरचा आवाज ऐकून कोणती बेअरिंग गेली ते सांगावे. पुढे तो लेथ शिकला. मागच्या वर्षी बाहेरगावच्या एका वर्कशॉपमध्ये त्याला परीक्षेसाठी बोलावले. त्याने एक बुश करून दिला. तिथल्या मिस्त्रींनी मापला, अगदी बरोबर निघाला. मग त्याच्यापुढे एक तक्ता ठेवला: नकाशाचा क्रमांक, धातूचा प्रकार, तीन ठिकाणची मापे, मोजण्याचे उपकरण, शेरा, सही. त्याने सही केली. वरचे सगळे रकाने कोरे राहिले. त्याला ते वाचता येत नव्हते असे नाही; काय लिहायचे हे त्याला कोणी शिकवले नव्हते, आणि चुकले तर हसतील म्हणून त्याने विचारले नाही. मिस्त्री भले होते. ते म्हणाले, "भाग चांगला आहे रे, पण या तक्त्याशिवाय मला तो कुठे लावता येणार नाही."

त्या रात्री तो माझ्या घरी आला. चहा घेतला, बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "सर, तुम्ही मला जाऊ का दिलं?"

मंडळी, त्याचा शाळा सोडल्याचा दाखला मीच लिहिला होता. कारणाच्या रकान्यात मी 'घरगुती अडचण' असे दोन शब्द लिहिले आणि पुढचा दाखला हाती घेतला. अडचण कोणती, किती दिवसांची, ती सुटेल का, हे मी विचारले नाही. मीही रकाना भरला तो न मोजताच. म्हणून आज मी पालकांना दोष द्यायला उभा नाही. घरात कमावणारा आजारी पडला की मुलाला गॅरेजमध्ये पाठवावे लागते, हे मी माझ्या घरात पाहिले आहे.

कोणी विचारील, लढाऊ विमाने म्हणजे माणसे मारण्याची साधने, त्यांचा पाठ मुलांना कशाला? माझे म्हणणे युद्धाबद्दल नाही. मी लढाऊ विमान घेतले ते एवढ्यासाठी की तिथे चुकीला जागा सर्वांत कमी आहे. जी शिस्त तिथे लागते तीच गडचिरोलीच्या रस्त्यावरून बाळंतिणीला घेऊन जाणाऱ्या रुग्णवाहिकेच्या ब्रेकला लागते, दवाखान्यातल्या प्राणवायूच्या यंत्राला लागते, आपल्या शाळेच्या बसलाही लागते.

म्हणून संस्थेपुढे आणि आपणापुढे माझ्या चार साध्या विनंत्या आहेत.

पहिली विनंती पालकांना. दहावीपर्यंत मुलाला शाळेतून काढू नका. गॅरेज सोडा असे मी म्हणत नाही. गरज असेल तर संध्याकाळी आणि सुटीत पाठवा. पण दहावीनंतर त्याच्यापुढे आय. टी. आय. चे दार उघडते, आणि आय. टी. आय. नंतर ओझरचा विमान कारखाना, मुंबईची नौदल गोदी, आपल्या भद्रावतीचा आयुध कारखाना अशा ठिकाणच्या शिकाऊ उमेदवारीचे. आठवीच्या दाखल्यावर यांतली बहुतेक दारे उघडत नाहीत.

दुसरी विनंती उस्तादांना. आपल्या गॅरेजमध्ये एक वही ठेवा. कोणती गाडी, कोणता भाग काढला, का काढला, नवा कोणता लावला, कोणी लावला. ती वही पोराकडून लिहवून घ्या. आज ओळी वाकड्या येतील. वर्षभराने तीच वही पाहा.

तिसरी विनंती संस्थेला. आपल्याकडे एक खोली रिकामी आहे, तिच्यात सध्या मोडकी बाके आहेत. तिथे चार व्हर्निअर, दोन मायक्रोमीटर आणि नकाशे वाचायला एक लांब टेबल ठेवा. मायक्रोमीटर मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजतो. मोठा खर्च नाही. शनिवारी दुपारी एक तास मी देतो. मला यंत्रशास्त्र येत नाही, पण तक्ता कसा भरायचा आणि अहवाल मराठीत स्वच्छ कसा लिहायचा, हे मी शिकवू शकतो. मापे शिकवायला आपल्यातलेच एखादे उस्ताद येतील अशी मला आशा आहे.

चौथी विनंती माता-भगिनींना. मोजणे, तपासणे आणि नोंद ठेवणे यांना दंडातले बळ लागत नाही. चिकाटी लागते. आपल्या मुलींच्या वह्या मी रोज तपासतो, आणि ती चिकाटी तिथे मला दिसते. त्या खोलीचे दार मुलींनाही उघडे असावे.

जाता जाता त्या मुलाबद्दल सांगतो, कारण आपण विचाराल. यंदा त्याने दहावीसाठी सतरा नंबरचा फॉर्म भरला आहे. दिवसा गॅरेज, रात्री अभ्यास. गणितात बरा आहे, इंग्रजीत कच्चा आहे. पास होईल की नाही हे मला आज सांगता येत नाही. फॉर्मवर शाळा सोडण्याचे कारण लिहायचे होते तेव्हा त्याने मला विचारले, "काय लिहू सर?" या वेळी आम्ही दोघे खाली बसलो, आणि खरे कारण पूर्ण वाक्यात लिहिले.